नळ चावतो

लोणावळ्यास आमचें जें घर आहे तें आजोबांनीं १९३४ सालीं बांधलें. हवा पालटण्यासाठीं म्हणून घाटमाथ्यावर बांधलेल्या त्या काळच्या घरांपैकीं तें एक. वर मंगलोरी कौलें, खालीं शहाबादी फरशी, पुढें ओसरी आणि फाटकापाशीं दिव्याचा एक लोखंडी खांब. विजेचे दिवे त्यांत आले ते स्वातंत्र्यानंतर चारपांच वर्षांनीं, वडिलांच्या कारकीर्दींत. मी पुण्यास एका शाळेंत तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालों आणि तेव्हांपासून आम्ही उभयतां येथेंच राहतों. ही माहिती आरंभींच देण्याचें कारण असें कीं, पुढील हकीकतींत माझी अक्कल कोठें कोठें गहाण पडली होती तें वाचकांस नीट समजावें. ओहमचा नियम मीं किती मुलांकडून घोकून घेतला असेल याची गणती नाहीं.

लोणावळ्याचा पाऊस ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांना त्याचें वर्णन अतिशयोक्तीचें वाटतें. वर्षाला चार हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाणी येथें पडतें आणि त्यांतलें बहुतेक तीन महिन्यांत पडतें. याच पावसावर भरंवसा ठेवून टाटांनीं येथें तलाव बांधले. वळवणच्या धरणाची कोनशिला १९११ सालीं बसली आणि १९१५ सालीं तें पाणी सुमारें पांचशें मीटर खालीं खोपोलीस उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवूं लागलें. मावळांतल्या पुष्कळशा खेड्यांत त्यानंतर कित्येक वर्षें कंदिलच जळत होते हें ओघानें सांगावयास हवें. पण तो विषय निराळा. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, ज्या पाण्यानें मुंबईचे दिवे लागले तेंच पाणी आमच्या भिंतींत शिरलें कीं आमचे दिवे जातात.

पावसाळ्यांत येथल्या घरांत विजेचे जे विकार उद्भवतात त्यांचें एक लहानसें निदानशास्त्रच होईल. बटणांच्या पितळी जिभांवर हिरवट कळंक चढतो आणि दिवा लागतांना चरचर असा आवाज येतो. लांकडी पाट्या फुगतात. उबेसाठीं पाली पाट्यांच्या मागें जाऊन बसतात आणि एखादी दोन तारांमध्यें आडवी होऊन स्वतःसकट साऱ्या घराला अंधारांत लोटते. एकदां तर माजघरांत मासळी तळल्यासारखा वास येऊं लागला. आमच्या मातोश्री तेव्हां हयात होत्या. त्यांनीं प्रथम शेजाऱ्यांवर, मग कामवाल्या बाईंवर आणि शेवटीं, सांगावयास संकोच वाटतो, माझ्यावर संशय घेतला! दुसरे दिवशीं पाहतों तों इस्त्रीच्या बटणाचें प्लॅस्टिक ढिल्या तारेच्या उष्णतेनें करपून काळें पडलेलें. अशा कांहीं प्लॅस्टिकांना जळतांना हुबेहूब मासळीचा वास येतो हें मला त्या दिवशीं समजलें. शाकाहारी घरांत हा वास आला तर आधीं मेन स्विच बंद करावा आणि मग हवा तेवढा संशय घ्यावा.

२००९ सालीं आम्हीं घरांतल्या सर्व तारा बदलल्या. वडिलांच्या वेळच्या, सागवानी पट्ट्यांतून गेलेल्या, रबरी वेष्टणाच्या तारा तोंवर इतक्या ठिसूळ झाल्या होत्या कीं हात लावतांच वेष्टणाचा भुगा पडे. नव्या पेटींत चिनीमातीच्या फ्यूजच्या जागीं लहान लहान खटके आले आणि त्या सर्वांच्या आधीं एक रुंदसें यंत्र बसलें. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. या यंत्राचें काम वाण्याच्या मुनीमासारखें आहे. फेजच्या तारेनें जेवढी वीज घरांत आली तेवढीच न्यूट्रलच्या तारेनें परत गेली पाहिजे. जमाखर्चांत तीस मिलिअँपियरचा फरक आला कीं हें यंत्र खट्‌कन् खालीं पडतें आणि सबंध घर बंद करतें. कारण हरवलेली वीज कोठून तरी जमिनींत जात आहे, आणि ती वाट कदाचित् माणसाच्या शरीरांतून असेल. जुना पांच अँपियरचा फ्यूज हें करूं शकत नाहीं. तो जळण्यापूर्वीं त्यांतून जेवढी वीज जाते ती या तीस मिलिअँपियरच्या दीडशें पटींहून अधिक असते, आणि माणसाला मरावयास तिचा अल्पसा अंशही पुरतो. फ्यूज तारेला वांचवतो. माणसाला वांचवणें हें त्याचें कामच नव्हे.

हें सर्व मला ठाऊक होतें. तरीही २०२२ च्या आषाढांत जें घडलें तें घडलें.

त्या वर्षीं पावसानें जोर धरतांच हें यंत्र वारंवार पडूं लागलें. प्रथम असें दिसलें कीं मिक्सर लावला कीं तें पडतें. साहजिकच मिक्सर अपराधी ठरला. तो बाजारांत दुरुस्तीस गेला, तेथें कांहीं दोष सांपडला नाहीं, घरीं आला आणि यंत्र पुन्हां पडलें. मग गीझरवर आळ आला, मग इस्त्रीवर. दिवे व पंखे तेवढे बिनतक्रार चालत. मोठें ओझें पडलें कीं अंधार! तशांत मुलगी, जांवई आणि दोन्हीं नातवंडें पंधरा दिवसांसाठीं आलीं. पावसाळ्यांत लोणावळ्यास ज्याचें घर आहे त्याच्या घरीं पाहुणा नाहीं असा शनिवार सहसा जात नाहीं. दिवसांतून आठ आठ वेळां टॉर्च घेऊन स्टुलावर चढावें, यंत्र वर करावें आणि खालीं उतरतों न उतरतों तोंच तें पुन्हां पडावें! चौथ्या दिवशीं मीं एका वायरमनला बोलावलें. त्यानें पांच मिनिटें इकडेतिकडे पाहिलें आणि "यंत्रच खराब आहे" असा निकाल दिला. नवें आणावयास पुण्यास जावें लागेल, तोंवर "डायरेक्ट" करून देतों, असें तो म्हणाला. डायरेक्ट म्हणजे यंत्राला वगळून तारा सरळ जोडणें. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यानें विचारलें आणि मीं मान डोलावली. त्या संध्याकाळीं घरांत गीझर, मिक्सर आणि इस्त्री एकदम चालूं होतीं, आणि आम्हीं सर्वांनीं गरम गरम भजीं खाल्लीं.

दोन दिवसांनीं सात वर्षांचा नातू न्हाणीघरांतून बाहेर आला तो तक्रार घेऊनच. "आजोबा, नळ चावतो!" आम्ही सारे हंसलों. जांवई म्हणाले, "त्याला आंघोळ नको असते, म्हणून रोज नवें कारण काढतो." नातवानें दुसऱ्या दिवशींही तेंच सांगितलें. तिसऱ्या दिवसापासून त्यानें सांगणें सोडून दिलें आणि टॉवेलानें नळ फिरवूं लागला. हें मात्र आमच्या नंतर लक्षांत आलें.

मंडळी पुण्यास परत गेल्यावर आमच्या घरांतून म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघरांतल्या नळाला मुंग्या येताहेत." मीं वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां उत्तर दिलें, "हाताला येत असतील. वाताचा विकार आहे. या वयांत व्हायचेंच." त्यावर त्या कांहींच बोलल्या नाहींत. चाळीस वर्षांच्या संसारांत माझ्या निदानावर न बोलण्याची त्यांना संवय झाली आहे.

२ ऑगस्टला नागपंचमी होती. आमच्याकडे त्या दिवशीं चिरणें, तळणें, तवा ठेवणें वर्ज्य. पुरणाचे दिंड उकडावयाचे. सकाळीं नऊच्या सुमारास मी आंघोळीसाठीं गीझर लावून ओसरीवर बसलों होतों. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि त्या दिवसांत येथली फरशी कितीही पुसली तरी ओलीच असते. आंत प्रथम कांहींतरी आपटल्याचा आवाज झाला, मग पातेलें घरंगळत गेल्याचा. धांवत गेलों तों सौ. ओट्याखालीं पडलेल्या, चेहरा पांढराफटक, उजवें मनगट विचित्र वळलेलें. शुद्धीवर होत्या. पहिलें वाक्य म्हणाल्या, "नळाला हात लावूं नका." मी नळाकडेच चाललों होतों, पाणी आणावें म्हणून!

मेन स्विच बंद केला, शेजाऱ्यांची मोटर मागवली आणि दवाखाना गांठला. मनगटाचें हाड मोडलें होतें. सहा आठवडे प्लास्टर. हृदयाचा आलेख काढला तो ठीक निघाला. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं नळ कसा धरला होता तें विचारून घेतलें. हात कणकेनें भरलेले म्हणून सौ.नीं नळाची दांडी बोटांनीं न धरतां मनगटाच्या मागल्या बाजूनें ढकलली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेवढ्यानें निभावलें." विजेच्या धक्क्यानें हाताचे स्नायू आंखडतात, नळ मुठींत असता तर मूठ अधिकच आवळली असती आणि सुटली नसती. हात बाहेरच्या बाजूनें लागल्यामुळें तो झटका बसून दूर फेंकला गेला. कणकेचे हात! त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मला सौ.चें मनगट दिसत नव्हतें. टॉवेलानें नळ फिरवणारा नातू दिसत होता.

दुसऱ्या दिवशीं कामशेतकडचे एक वृद्ध वायरमन आले. परवाना असलेले, पन्नास वर्षें हें काम केलेले गृहस्थ. त्यांचें नांव देत नाहीं, कारण छापून येणें त्यांना रुचणार नाहीं. त्यांना आम्ही काका म्हणतों. येतांना त्यांनीं दोन हत्यारें आणलीं होतीं. एक मेगर, म्हणजे तारेचें वेष्टण किती शाबूत आहे तें मोजणारें यंत्र. आणि दुसरा, एका होल्डरला दोन तारा लावलेला जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. माझ्याकडचा पेचकसाचा टेस्टर पाहून ते म्हणाले, "सर, हा नुसता मिणमिणतो. वीज हाय येवढं सांगतो, तिच्यात जोर किती ते नाय सांगत. बल्ब खोटं बोलत नाय."

मेन स्विच त्यांनीं स्वतःच्या हातानें घातला, मला दूर उभें केलें आणि स्वयंपाकघरांतल्या सॉकेटमध्यें बल्बच्या तारा धरल्या. फेज आणि न्यूट्रल यांमध्यें बल्ब लख्ख लागला. मग फेज आणि वरचें मोठें, अर्थिंगचें भोंक. तेथेंही तो तसाच लागावयास हवा होता. लागला नाहीं; लाल तारही दिसेना. काकांनीं पुन्हां वीज बंद केली आणि म्हणाले, "तुमच्या घराला जमीन नाय."

अर्थिंगची हिरवी तार कोठें जाते तें आम्हीं शोधूं लागलों. ती भिंतीवरून मागील दारीं गेली होती आणि तेथें नळाच्या जुन्या लोखंडी पाइपाला पट्टीनें आवळलेली होती. वडिलांच्या वेळीं ही चाल सर्रास असे. नळाचा पाइप रस्त्यापर्यंत जमिनींतून जातो, मग वेगळा खड्डा कशाला खणावयाचा? २००९ सालींही तीच जोडणी कायम ठेवली होती. काकांनीं विचारलें, "ह्यो पाइप पुढं कुठं जातो?" मी उत्तर देण्यास तोंड उघडलें आणि तसाच थांबलों. २०१९ सालीं गंजलेला म्हणून बाहेरचा सारा पाइप काढून आम्हीं प्लॅस्टिकचा घातला होता. तो मीं स्वतः पसंत केला होता, गंजत नाहीं म्हणून! भिंतींतला पाइप मात्र लोखंडीच राहिला. परिणाम असा झाला कीं, घरांतले सर्व नळ आणि सर्व उपकरणांचीं धातूचीं अंगें एका तारेनें एकमेकांस घट्ट बांधलेलीं राहिलीं आणि भूमीपासून मात्र तुटलीं. "प्लॅस्टिकला कुठली आलीय अर्थिंग?" काका म्हणाले. गीझरच्या आंतल्या कांडीला तडा गेला होता. तिची वीज गीझरच्या अंगांत, तेथून अर्थिंगच्या तारेंत आणि तिच्यावाटे सगळ्या नळांत उतरली. अर्थिंग शाबूत असतें तर ती परस्पर जमिनींत गेली असती आणि खटका पडला असता. यंत्र शाबूत असतें तर, अर्थिंग नसतांही, सौ.च्या अंगांतून तीस मिलिअँपियर जातांक्षणीं त्यानें घर बंद केलें असतें. एक वाट मीं २०१९ सालीं तोडली होती, दुसरी आषाढांत.

मग यंत्र पडत होतें तें कशानें? गीझर आषाढापासूनच बिघडला असेल असें मला वाटलें. काकांनीं मान हालवली आणि मेगर काढला. वर्गांत शिकवावें असें प्रकरण पुढें निघालें. एकेक शाखा सोडवून तपासतां तपासतां ते फाटकाच्या दिव्यावर येऊन थांबले. तो दिवा आम्ही महिना महिना लावीत नव्हतों. पण त्याचें बटण, आणि पेटींतला लहान खटकाही, फक्त फेजची तार तोडतो. न्यूट्रलची तार जोडलेलीच राहते. तिचें वेष्टण लोखंडी खांबाच्या बुडाशीं घांसून उघडें पडलें होतें, आणि खांब पावसानें भिजलेल्या मातींत उभा. त्यामुळें घरांत कोठेंही मोठें उपकरण लागलें कीं परत जाणाऱ्या विजेचा कांहीं भाग मुख्य न्यूट्रल सोडून त्या खांबावाटे जमिनींत उतरे, जमाखर्च बिघडे आणि यंत्र पडे. नुसत्या दिव्यांपंख्यांच्या वेळीं तो फरक तीस मिलिअँपियरपर्यंत पोंचत नसे. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच. मिक्सरचे दुरुस्तीचे साडेतीनशें रुपये मीं उगाच भरले. आणि जो मुनीम खरें सांगत होता त्याला कामावरून काढून टाकलें.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें यंत्र पडत असेल तर एक सांगतों. ज्या उपकरणाबरोबर तें पडतें तें अपराधी असेलच असें नाहीं. सर्व लहान खटके खालीं करून यंत्र वर करावें आणि एकेक खटका वर करीत जावें. ज्याबरोबर यंत्र पडेल त्या शाखेंतलीं उपकरणें प्रथम सोडवावीं. इतकें घरच्या माणसानें करण्यास हरकत नाहीं. पण कधीं या खटक्यानें तर कधीं त्या खटक्यानें तें पडूं लागलें, तर दोष बहुधा न्यूट्रलचा असतो आणि तो भलतीकडेच असतो. तेथें आपली हुशारी थांबवून परवानाधारक वायरमनला मेगर घेऊन बोलवावें. आणि "डायरेक्ट करतों" असें कोणी म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावें.

त्या दिवशीं काकांनीं आणखी एक गोष्ट काढली. माजघरांतला एल.ई.डी. दिवा बंद केल्यावरही रात्रीं मंद मंद तेवत राही. नातवंडें त्याला भुताचा दिवा म्हणत आणि मी त्यांना, "हे नवे दिवे असेच असतात," असें सांगून गप्प करी. पुष्कळदां लांबवर शेजारींशेजारीं धांवणाऱ्या तारांमुळें असें होतें आणि त्यांत अपाय नसतो, हें खरें. आमच्याकडे मात्र २००९ सालीं कोणीतरी बटण फेजवर न घालतां न्यूट्रलवर घातलें होतें. म्हणजे बटण बंद असलें तरी होल्डरमध्यें २३० व्होल्ट जिवंत. तेरा वर्षें मी बटण बंद करून, निर्धास्तपणें, उघड्या हातानें तेथले बल्ब बदलीत आलों होतों.

याच ओघांत दोन खुणा काकांकडून शिकलों त्या नमूद करतों. दिवे गेले असतां टेस्टर सॉकेटच्या दोन्हीं भोंकांत पेटला तर वीज गेलेली नसते. न्यूट्रल तुटलेला असतो, आणि ही स्थिति काळोखापेक्षां अधिक धोक्याची. आणि ज्यांच्या घरीं तीन फेज आहेत त्यांच्याकडे कांहीं दिवे एकाएकीं मंद आणि कांहीं डोळे दिपवण्याइतके प्रखर झाले तर, कारण शोधीत न बसतां, मेन स्विच पाडावा. न्यूट्रल ढिला झालेला असतो आणि प्रखर बाजूच्या उपकरणांवर तीनशेंहून अधिक व्होल्ट चढण्याचा संभव असतो.

पावसानें थोडी उघडीप दिल्यावर मागील अंगणांत अर्थिंगचा खड्डा खणला. मावळची भूमि, हातभर तांबड्या मातीखालीं काळा फत्तर लागला आणि खड्डा तीनदां जागा बदलून अखेर पारिजातकाजवळ साधला. त्यांत साठ सेंटिमीटर लांबरुंद तांब्याचा पत्रा उभा पुरला, भोंवतीं कोळसा आणि मीठ भरलें, आणि पाणी घालण्यासाठीं वर नरसाळें लावलेली नळी ठेवली. नवें यंत्र बसलें. काकांनीं पुन्हां मला दूर उभें करून बल्ब फेज आणि अर्थिंगमध्यें धरला. बल्ब लागतो न लागतो तोंच यंत्र खट्‌कन् पडलें आणि घर अंधारलें. तो आवाज ऐकून ओसरीवर हात गळ्यांत बांधून बसलेल्या सौ. म्हणाल्या, "आतां तो बरोबर आहे ना?" यंत्रावर चाचणीचें एक लहानसें बटण असतें, तें दर महिन्याच्या एक तारखेस दाबण्याचें काम माझ्याकडे आहे. मात्र तें दाबून यंत्र पडलें म्हणजे यंत्र शाबूत आहे एवढेंच सिद्ध होतें. अर्थिंगबद्दल तें कांहीं सांगत नाहीं. तें पाहण्यासाठीं काका वर्षांतून एकदां, चैत्रवैशाखांत माती कोरडी झाली म्हणजे, येतात.

उन्हाळ्यांत त्या नळींत पाणी घालण्याचें काम सौ.नीं आपण होऊन घेतलें आहे. तुळशीला पाणी घालून तांब्यांत उरलेलें त्या तेथें ओततात. मनगट थंडींत अजून दुखतें. नातू आतां अकरा वर्षांचा झाला आहे, मागल्या मे महिन्यांत आला तेव्हां न्हाणीघरांत जाण्यापूर्वीं त्यानें मला विचारलें, "आजोबा, नळ चावत नाहीं ना आतां?" मीं वर्तमानपत्र बाजूस ठेवलें आणि त्याच्याबरोबर आंत गेलों.